परत न आलेली मेल

छत्रीकाका छत्र्या दुरुस्त करत आणि बाता मारत. दुसरं काम जास्त चोख. दुकानाच्या वेबसाइटसाठी इंटरनेटवर अगदी हवं तेच नाव मोकळं मिळालं, तेव्हा त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली. नाव नोंदवून देणारी पुतणी म्हणाली, "काका, हे आधी कुणाचं तरी होतं. त्यांनी मुदत वाढवली नाही, म्हणून सुटलं."

"सुटलं ते आपलं!"

त्या नावाच्या कुठल्याही पत्त्यावर येणारी सगळी ईमेल आता काकांच्या फोनवर पडू लागलं. पहिलीच मेल होती, "अहो, आज तरी वेळेवर घरी या."

"बघ, तुझी काकू इथेही पोचली!"

तासाभराने दुसरी आली. "तुम्ही गेलात तरी मी तुमच्या या पत्त्यावर रोज लिहिते. वर्षभर प्रत्येक मेल परत यायची. आजची आली नाही. पोचली का हो?"

काकांच्या हातातली छत्री तशीच अर्धी उघडी राहिली.

पुतणी हळूच म्हणाली, "त्या गेलेल्या माणसाचा पत्ता बंद करू? म्हणजे मेल पुन्हा परत जाईल."

"नको. राहू दे. उत्तरही नको."

त्या दिवशी काकांनी उजेडातच दुकान बंद केलं. काकूंनी दार उघडून आधी त्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही. मग एवढ्या लवकर? कुणी हाकललं का?"

"बोलावलं," काका म्हणाले आणि एकदा मागे वळून पाहून त्यांनी दार लावून घेतलं.