मेपलची झोप

थंडीमामांना उन्हापेक्षा उबेची भीती जास्त. जानेवारीतल्या एखाद्या छान दुपारी आम्ही स्वेटर काढून गप्पा मारत बसायचो, आणि हे घराला आग लागल्यासारखे आभाळाकडे बघायचे. म्हणूनच त्यांचं नाव थंडीमामा पडलं.

पुण्याजवळच्या वरवे गावातल्या माझ्या नर्सरीत ते कामाला होते. मूळचे वेल्ह्याकडच्या डोंगरावरच्या धनगरवाड्यातले. मी हौसेनं सिमल्याहून जपानी मेपलची पाच बोन्साय आणली होती. तीन वर्षांत चार वाळली. पाचव्याकडं बघत मामा म्हणाले, "ताई, ह्याला रोग न्हाई, झोप मिळत न्हाई. थंड मुलखातलं झाड ह्ये, हिवाळ्यात पानं टाकून निजायचं. हितं ऊब लागती, मग जागंच ऱ्हातंय आन् दमून मरतंय."

तेव्हापासून दर मार्गशीर्षात मामा कुंडी मांडीवर घेऊन वेल्ह्याची एसटी धरायचे, पुढं दोन तास चढून ती वाड्यावर न्यायचे. कंडक्टरला सांगायचे, "लेकरू निजलंय, धक्का लावू नका." माघ सरला की झाड खाली यायचं. तोवर माझा जीव टांगणीला. वाड्यावर मोबाईलला रेंज नाही, आणि शेळ्या काय, शेंडा दिसला की खाणारच.

एका वर्षी त्यांच्या बायकोनं, मामींनी, मायेपोटी कुंडीवर घोंगडी टाकली, गारठ्यात कोकरावर टाकतात तशी. उबेनं आठ दिवसांत कोंब फुटले आणि नंतर करपले. झाड कसंबसं वाचलं. मामा दोन दिवस जेवले नाहीत.

गेल्या मार्गशीर्षात मामांना खोकला होता. चार पावलांवर धाप लागायची. मी म्हणाले, "मामा, यंदा राहू द्या."

"आन् ह्ये मेलं तर?"

मी अडवलं नाही. मामा कुंडी घेऊन निघाले.

पौषात वाड्यावरचा एकजण निरोप घेऊन आला. मामा वारले होते. मी तशीच निघाले. दोन तास चढून वाड्यावर पोचले. मामी दारात बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं आणि मी काही विचारायच्या आत घरामागच्या सावलीत घेऊन गेल्या. मेपलवर एकही पान नव्हतं. मामींनी फांदी नखानं जराशी खरवडली. आत हिरवं होतं.

"जितं हाय," त्या म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू, मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.