जहाज पोचेपर्यंत ठेवलेली पेटी

बाळासाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा त्याची द्राक्षं अजून समुद्रात होती. शाळेपासूनचा माझा मित्र बाळू, कळस गावचा बागायतदार, सकाळी बागेत फिरता फिरता खाली बसला तो उठलाच नाही. आणि मी बारामतीत फोन कानाला लावून विचार करत होतो, की आता ती पेटी कोण उघडणार? पहिला विचार हा यावा, याची मला अजून लाज वाटते.

परदेशी जाणारा कंटेनर भरला, की बाळू त्यातली एक पेटी मागे ठेवायचा आणि जहाज तिकडच्या बंदराला लागल्यावरच उघडायचा. आपला माल पोचताना कसा असेल ते कळावं म्हणून. पहिल्या वर्षी त्यानं ती घरी पलंगाखाली ठेवली. आठवड्यात मुंग्या लागल्या, काड्या वाळल्या, मणी सुरकुतले. घाबरून मला फोन... "आरं गड्या, घात झाला! हॉलंडला समद्या मनुका पोचत्यात!" मागून शालनवहिनींचा आवाज आला, "आवं, जहाजात गार मशीन आसतंय. आपल्या पलंगाखाली काय हाय? मांजर!" पुढच्या हंगामापासून पेटी पॅकहाऊसच्या शीतगृहात, दाराजवळच्या कोपऱ्यात राहू लागली.

जहाज पोचल्याचा मेसेज आला की तो पॅकिंगच्या बायकांना गोळा करून पेटी त्यांच्यात वाटायचा. अंथुर्ण्याहून येणाऱ्या या बायका डोक्याला टोपी घालून कात्रीनं घड साफ करतात. त्या मजुरीवर काहींनी स्कूटी घेतल्या. कंटेनर वळावा म्हणून रस्ता रुंद झाला, त्यावरून त्यांच्या मुली कॉलेजला जाऊ लागल्या. पण निवडलेला घड त्यांच्या घरी कधी जात नसे, जायचे ते गळालेले मणी. "ज्यानं भरलं त्याला चव म्हाईत नको व्हय?" बाळू म्हणायचा.

त्याचं स्वतःचं कुतूहल मात्र चवीवर भागत नसे. "ती माणसं खात्यात कशी रं? धुत्यात का? एकेक तोडत्यात, का घडच तोंडाला लावत्यात?" माझी पुतणी ऋता तिकडेच, हॉलंडमध्ये नोकरीला. "ईचार की तिला," असं तो दर हंगामात म्हणायचा आणि मी "विचारतो" म्हणायचो. पेटी उघडायला ये म्हणायचा, मी "येतो" म्हणायचो... एवढ्याशा प्रश्नासाठी फोन काय करायचा, असं वाटायचं.

तेराव्याला नैवेद्यासाठी त्या पेटीतला घड काढू, असं कुणीतरी सुचवलं. वहिनी म्हणाल्या, "जहाज पोचू द्या. त्यांनी कधी आधी उघडली न्हाय." मी अंगणात जाऊन ऋताला फोन लावला आणि बाळूचा प्रश्न विचारला. ती आधी हसली, मग म्हणाली, "बघून सांगते, काका."

जहाज लांबच्या वाटेनं गेल्यामुळे उशीर झाला. गेल्या आठवड्यात मेसेज आला आणि मी पहिल्यांदा पेटी उघडायला कळसला गेलो. बायका गोल बसल्या होत्या, बाळूचं स्टूल मोकळं होतं. वहिनींनी चिकटपट्टी कापली. काड्या हिरव्या, मणी घट्ट. पण आधी तोंडात कुणीच घालेना.

"भावजी, काय म्हणाली पोरगी? कशी खात्यात?" वहिनींनी विचारलं.

काहीतरी गोड सांगून द्यावं असं क्षणभर वाटलं. पण टाळाटाळ आधीच पुष्कळ झाली होती.

"तिच्या ऑफिसात टेबलावर डबा उघडा असतो म्हणे. काम करता करता एकेक मणी उचलतात. डब्याकडे बघतही नाहीत."

वहिनींनी एक मणी तोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"मग चांगली पोचत्यात," त्या म्हणाल्या. "एक जरी आंबट लागला आसता, तर बघितलं आसतं."

एक बाई फिसकन हसली आणि सगळे हात पेटीत गेले. निघताना मी शीतगृहाचं दार ढकलून आत डोकावलो. दाराजवळच्या कोपऱ्यात, जुन्या पेटीच्या जागी, वहिनींनी पुढच्या कंटेनरची पेटी आणून ठेवलेली होती.