बाणाशेजारी काय लिहायचं?

सांगलीच्या त्या ऑफिसातले आम्ही तिघं भेटलो की तब्येतीची चौकशीसुद्धा मागाहून होते. आधी "ते आठवतंय का?" आणि एकातून दुसरं निघत चहा गार होतो.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचे ते दिवस. सबनीस सर मालक, शकील प्रोग्रॅमर आणि मी नुकतीच लागलेली. मलकापूरच्या एका हॉस्पिटलचं काम हातात होतं. प्रोग्रॅम लिहिण्याआधी प्रत्येक स्क्रीनचा एक चौकोन काढायचा, कुठून कुठं जायचं ते बाणानं जोडायचं आणि बाणाशेजारी टीप लिहायची. त्यासाठी एक सॉफ्टवेअरही होतं. सर म्हणायचे, "चौकोन कुणीही काढतं. टीप लिहायला बसलं की समजतं, आपल्याला काही समजलेलंच नाही."

* * *

शकीलची पहिली टीप मला अजून पाठ आहे. नाव नोंदवायच्या स्क्रीनवरून मागं यायचं बटण राहून गेलं होतं. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, 'पेशंट इथून आत जातो. परत यायला वाट नाही.'

हॉस्पिटलच्या डॉक्टर इनामदारबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. चष्मा काढला.

"अहो, हे बाहेर कुणाला कळलं तर इकडं कोण फिरकेल?"

* * *

सरांची एक टीप होती, 'वय भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.'

डेमोला बाईंनी म्हसवडहून आलेल्या एका आजींनाच समोर बसवलं. मी वय विचारलं.

"त्ये आमच्या थोरल्याला इचार."

थोरला शेजारीच उभा होता. डोक्यावरचा एकूण एक केस पांढरा. तो म्हणाला, "मला काय ठावं? मी तवा न्हवतो."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि प्रिंटवरची ती टीप तिथल्या तिथं खोडली.

* * *

एकदा स्क्रीनच्या रंगावरून सर आणि शकीलचं वाजलं. दोघांनी अबोला धरला. कॉम्प्युटर मात्र एकच, त्यामुळं आळीपाळीनं बसून टिपांमधूनच बोलायचे.

'सरांनी हा स्क्रीन पाहावा.'

'पाहिला.'

'आवडला का?'

'बरा आहे.'

'बरा म्हणजे?'

'म्हणजे चल, मिसळ खाऊ.'

दोघं मिसळ खायला गेले. टिपा पुसायच्या राहिल्या आणि प्रिंट तशीच मलकापूरला गेली. दोन दिवसांनी बाईंचा फोन. "बाकी सगळं समजलं. ही मिसळ कुठल्या वॉर्डला द्यायची?"

* * *

डिस्चार्जच्या चौकोनातून तीन बाण निघत होते. एक घरी, एक दुसऱ्या हॉस्पिटलात आणि तिसरा... त्याच्याशेजारी काय लिहावं ते आम्हाला सुचत नव्हतं. सर लिहायचे आणि पुसायचे. मी तर हातच लावला नव्हता.

त्याच सुमारास शकीलच्या अब्बांना हार्टचा त्रास झाला आणि त्यांना बाईंच्याच हॉस्पिटलात ठेवलं. अब्बांचं कराडात गाद्यांचं दुकान. माणूस आडदांड, पण त्या खाटेवर एवढासा दिसायचा. शकील उशाशी बसून असायचा. कामाचं कुणी त्याच्यापाशी बोलत नव्हतं.

अब्बा बरे झाले. घरी जायच्या दिवशी बाई म्हणाल्या, "यांचा डिस्चार्ज तुमच्या नव्या स्क्रीनवरच करूया." म्हणून मी आणि सरही गेलो होतो. काउंटरमागच्या भिंतीवर आमचं चौकोन-बाणांचं चित्र चिकटवलेलं होतं, तिसऱ्या बाणाशेजारची जागा अजून कोरीच. अब्बा शकीलच्या खांद्याचा आधार घेत तिथपर्यंत आले आणि बराच वेळ चौकोन बघत राहिले.

"ह्यात आमी कुठं?"

शकीलनं डिस्चार्जच्या चौकोनावर बोट ठेवलं. अब्बांनी तिन्ही बाण शेवटपर्यंत निरखले.

"आन घरला जायचा कंचा?"

शकीलनं दाखवला. अब्बा वाकले, डोळे बारीक करून बघितलं.

"लय बारीक हाय रं. जरा जाड कर."

शकीलनं माझ्या हातातलं स्केचपेन घेतलं.