पालवीआडचा खांब

उद्घाटनाच्या नारळांचा मला आता वीट आला आहे. उघड्यावरची वायरलेस यंत्रणा कुठे उभी करायची ते ठरवणं हा माझा धंदा. पण महाड-पोलादपूरच्या डोंगरांत खांबाची जागा ठरते ती नारळ कुठे फोडायचा यावरून.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला गुरं राखून राहणाऱ्या लोकांची एक वाडी आहे. तिथे मोबाईल लागत नाही आणि डोंगर खचायचा धोका. अतिवृष्टीत 'खाली उतरा' हा निरोप वाडीतल्या फोनवर पोचावा, एवढ्यासाठीच हे काम निघालं होतं. मी चार डोंगर पालथे घालून सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळी पठारावरची, जागा काढली. तिथून वाडी थेट दिसते, मध्ये झाड नाही.

सरपंच म्हणाले, "साहेब, सड्यावर गाडी जात नाय. मंडप कुठं घालायचा? देवळापुढं घ्या."

देवळापासून वाडीपर्यंत ऐन-किंजळीचं रान. पण तेव्हा शिमगा नुकताच सरला होता. भाताच्या रोपांची जमीन भाजायला, म्हणजे राबाला, लोकांनी त्या झाडांच्या फांद्या छाटून नेल्या होत्या. नुसते सोट उभे. त्या बोडक्या रानातून ठेकेदाराने तपासणी उरकली आणि वाडीवर भरलेली रेंज दाखवली. मी सांगितलं, पावसात हे रान फुटेल, ओल्या पानांतून लहर पार होणार नाही. सरपंच स्वतः शेतकरी, त्यांच्याच कोयत्याने त्यातली झाडं सवळलेली. तरी हसून म्हणाले, "आत्ता रेंज हाय ना? मग झालं." गाढवापुढे वाचली गीता. खांबाला हार पडले, नारळ फुटला, आणि आषाढात वाडी मुकी झाली. तक्रार करायला फोन लावला की ठेकेदार उचलत नसे.

श्रावणातल्या एका दुपारी पावसाने कहर केला. तक्रारीपायी मी गावातच अडकलो होतो. वाडीवरच्या एका आजींनी झऱ्याचं पाणी लाल झालेलं पाहिलं, डोंगराची माती सुटल्याची खूण ओळखली आणि घरोघर हाका मारल्या. गुरं सोडून देऊन माणसं भिजत देवळाजवळच्या शाळेत उतरली. पडवीत पाऊल पडताच एकेकाचा फोन वाजू लागला. सकाळी सुटलेला निरोप खांबाखाली आल्यावर मिळत होता : धोका आहे, सुरक्षित ठिकाणी जा.

सुनेने आजींना तो वाचून दाखवला. आजी घाबरून मला म्हणाल्या, "म्हंजे हितनं पन निघायचं काय रे?"

मागे सरपंच फोनवर तालुक्याला सांगत होते, "मेसेज पोचला साहेब, म्हणून तर सगळी खाली आली. आपला खांब एक नंबर हाय."

मला त्या माणसाची शिसारी आली. फोन ठेवून त्यांनी कुडकुडणाऱ्या आजींचा हात धरला आणि फोटोसाठी त्यांना पावसात खांबाखाली नेऊन उभं केलं.