निशाणी नांगर

दुपारचं जेवण झालंय. बाबा आतल्या खोलीत पडलेत आणि मी जेवणाच्या टेबलावर वंशावळ पसरून बसलेय. सगळ्यात वरची चौकट रिकामी आहे. गावाकडची आमची काळी जमीन पहिल्यांदा ज्याने कसली, त्याचं नाव काही मिळत नाही. बाबा एकोणनव्वद वर्षांचे. रोज विचारतात, "सापडला का गं बाप्या?" जाण्याआधी त्यांना ते नाव ऐकायचंय. आमच्या वंशावळीत मुलींना चौकट नाही, हेलपाटे मात्र मुलीनेच घालायचे.

समोर त्याच जमिनीच्या १८७१ सालच्या मोडी कागदाची झेरॉक्स आहे. नाव होतं तिथे कसरीने भोक पाडलंय, खाली नुसती खूण उरलीय, नांगराची. तेव्हा लिहिता न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगर काढायचा आणि बाई बांगडी. म्हणजे हा पुरुषच. तीन वर्षं मी पुरुषच शोधतेय. डोळे जड होतात. पंख्याखाली कागद फडफडतो, म्हणून त्यावर तळहात ठेवते.

माझ्या हाताशेजारी दुसरा हात येतो. रापलेला, मनगट मोकळं.

"कुनाला हुडकतीस, बाय?" समोरच्या खुर्चीवर एक म्हातारी मांडी घालून बसलीय, डोक्यावर पदर.

"या नांगरवाल्याला."

"त्यो म्या काढलाय."

टेबल लांबत जातं. पार त्या टोकाला एक कारकून दौतीत बोरू बुडवतोय.

"पण आजी, बाईची खूण बांगडी असते," मी म्हणते.

"त्योबी ह्येच म्हनला. म्या म्हनलं, बांगड्या दादल्यामागं फुटल्या. जे न्हाई ते कसं काढू? नांगर हाय, त्यो रोज धरती."

मला हसू येतं आणि लाजही वाटते. तीन वर्षं ही इथेच, माझ्या नाकासमोर होती.

"चुकलं माझं, आजी."

"असू दे. आलीस न्हवं?"

पायाखालची फरशी भुसभुशीत लागते. टेबल नाही, कारकून नाही, नुकतं नांगरलेलं ओलं रान आहे. घरी जायची वेळ झाल्यासारखी ती पदर खोचते.

"नाव तरी सांगा. बाबा वाट बघतायत."

"भिवरा." ती माझं बोट धरते, मातीत दाबते. "आदी खून. मग नाव."

"चहा टाकतेस का गं?"

बाबांचा आवाज. माझा गाल कागदावर, पंखा चालू. वंशावळीच्या वरच्या चौकटीत काळ्या मातीचा नांगर उमटलाय आणि माझं बोट पहिल्या पेरापर्यंत ओल्या मातीने माखलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात साधी कुंडीही नाही.

बाबा काठी टेकत येतात. "सापडला का बाप्या?"

"बाप्या नव्हता, बाबा. भिवरा होती." मी बांगड्यांचं सगळं सांगते.

ते चष्मा लावून आधी नांगराकडे बघतात, मग माझ्या बोटाकडे, बराच वेळ. मग खाली वाकतात आणि स्वतःच्या चौकटीखाली, दादाच्या नावाशेजारच्या मोकळ्या जागेवर काठीचं टोक ठेवतात.

"इथं टेकव बोट," म्हणतात. "माती ओली आहे तोवर."