सूर्यास्तानंतरचा थेंब

चष्मा लागला की माणूस गप्प बसतो, सुटला की गावभर सांगत सुटतो! टिळकवाडीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी बारा वर्षं काउन्सेलर आहे. लेझर झालेल्या पेशंटला थेंब कधी घालायचे, व्हिटॅमिनच्या गोळ्या किती दिवस खायच्या, डोळा का चोळायचा नाही, हे घसा बसेपर्यंत सांगायचं, हेच माझं काम. हयगय केली तर डोळ्यावर बेततं. पण ऐकतात किती? ते विचारूच नका. त्यातूनच किस्से साठत गेलेत.

*

पहिला माझ्यावरच. माझा कॉर्निया पातळ, त्यामुळं लेझर जमत नाही. नाकावर हा जाडजूड चष्मा. काकतीच्या एका पैलवानाला मी अर्धा तास लेझरचे फायदे सांगितले. "काही शंका?" विचारलं तर माझ्या चष्म्याकडं बघत म्हणतो, "आक्का, दुकान तुमचं, आन् मालावर तुमचाच भरवसा न्हाय व्हय?"

*

बेळगुंदीच्या एका सुनेला महिन्याच्या गोळ्या दिल्या, रोज एक. चौथ्या दिवशी ती हजर. "म्याडम, गोळ्या संपल्या."

मी ओरडलेच. "अगं, तीस गोळ्या खाल्ल्यास?"

"मी तीनच खाल्ल्या. घरात आम्ही धाजणं. एकटीनं खायची पद्धत न्हाय आमच्यात!"

सासूबाई मागंच उभ्या होत्या. म्हणाल्या, "गुण चांगला हाय बघा. माझं गुडघं लई हलकं झाल्यात."

*

निपाणीचा एक तरुण व्यापारी लेझरनंतर तपासणीला आलता. डॉक्टर म्हणाले, "वाचा बघू शेवटची ओळ." त्यानं तक्ता सोडला आणि खिशातून आम्हीच दिलेली कॅप्सूलची बाटली काढली. तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचली, "फिश ऑइल. जिलेटिन. डॉक्टर, आम्ही जैन हाय!"

मी शरमेनं अर्धी झाले. हे विचारायचं काम माझंच होतं. डॉक्टर मात्र खूश. "ही अक्षरं मलाही दिसत नाहीत. नजर फर्स्ट क्लास!"

मग शाकाहारी गोळ्या शोधून दिल्या. तेव्हापासून मी आधी खाण्यापिण्याचं विचारते.

*

विचारूनही काय होतं म्हणा! गेल्या चातुर्मासात निपाणीचीच एक जैन पोरगी, सन्मती, आली. लेझरला चारच दिवस झालेले आणि डावा डोळा लालभडक. सोबत तिची आज्जी, ताठ कण्याची बाई.

"थेंब घातलेस?"

"दिवसाचे घातले. रात्रीचे न्हाय."

"का गं?"

उत्तर आज्जीनं दिलं. "थेंब डोळ्यात घातला की घशात कडू लागतंय. म्हंजे पोटात गेलाच की! सूर्य मावळल्यावर आमच्यात पाणीसुद्धा घेत न्हाईत. पोरीनं नेम केलाय."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "आज्जी, रात्रीचे थेंब चुकले आणि इन्फेक्शन वाढलं, तर डोळा जाईल पोरीचा!"

सन्मती रडायला लागली. आज्जीचाही चेहरा उतरला, पण हेका सुटेना. "बस्तीत, आमच्या देवळात, मुनीमहाराज हाईत. त्यांना विचारून सांगते."

मला तर घास गोड लागेना. माझ्या लेकीच्या वयाची पोर हो! दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला. सन्मतीनं उचलला. "घातला म्याडम, रात्रीचाबी घातला. आज्जीनं स्वतःच्या हातानं!"

"महाराज काय म्हणाले?"

"म्हणाले, डोळं गेलं तर पायाखालची मुंगी दिसंल का? जीव वाचवायला तर सगळा नेम. घाल थेंब."

आठवड्यानं दोघी परत आल्या. डोळा स्वच्छ पांढरा. सन्मतीनं शेवटची ओळ न अडखळता वाचली. मी आनंदानं तिला मिठीच मारली. डॉक्टरांनी आज्जीला हात जोडले. "आज्जी, तुम्ही ऐकलंत म्हणून डोळा वाचला."

सन्मती खुर्चीवरून उठली, तशी आज्जी चाचपडत पुढं आली आणि त्याच खुर्चीत बसली.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "मला चार वर्षं झाली, मुंग्या दिसत न्हाईत."