दुपारी चारची खरखर

माझा धाकटा भाऊ तारांच्या शेतात नोकरीला. शेत म्हणजे माळावर रोवलेले हजारभर खांब आणि त्यांवर ताणलेल्या तारा. मेलेल्या ताऱ्यांची ठकठक, तीही रेडिओच्या अगदी खालच्या पट्टीतली, त्या टिपतात. शास्त्रज्ञ ती ऐकत बसतात आणि हा तिच्यात मिसळणारी खरखर हुडकत फिरतो. हातात रेडिओ, खांद्यावर अँटेना. लोक त्याला 'खरखऱ्या' म्हणतात आणि साहेब त्यातच खूश! धन्य आहे.

त्या महिन्यात रोज दुपारी चारला खरखर सुरू व्हायची. "ताई, कुठेतरी वायर ठिणग्या टाकतेय," तो म्हणाला. "आज ना उद्या कुणाचं तरी घर पेटणार बघ." त्याचं जेवणात लक्ष लागेना. गॅरेज पाहिलं, पंप पाहिले, शेजाऱ्यांची डोकी खाल्ली.

शोधायला निघताना आधी मला फोन, हा त्याचा नियम. "ताई, घरातलं सगळं बंद कर. मध्ये आपलाच गोंधळ नको." मी निमूटपणे मेन स्विच खाली ओढायचे. आई अंथरुणाला खिळलेली. हिटर बंद झाला की कुडकुडत माझा उद्धार करायची. तासाभराने हा हात हलवत परत. "मी निघालो की नेमकी गप्प बसते गं!"

आईला जाऊन वर्ष झालं, तरी मी रोज स्वतःला विचारते, तेव्हा मी काय झोपले होते? चारला तो हिटर मीच लावायचे. पण घराचं वायरिंग त्याने स्वतःच्या हाताने केलेलं. त्यावर संशय घ्यायचं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

त्या गुरुवारी हिटर लावून मी औषधं आणायला गेले. दुकानात असतानाच फोन आला.

"ताई, आज फारच वाढलीय. बंद कर सगळं."

"अरे, मी बाहेर आहे. आई एकटीच आहे घरी."

"बरं, राहू दे. तसाच शोधतो."

फोन चालूच होता. त्याची पावलं आणि रेडिओची खरखर मला ऐकू येत होती. मग पावलं थांबली.

"ताई... आपल्या घराकडून येतेय गं."

 तेवढ्यात खरखर एकदम बंद झाली.

"थांबली," तो म्हणाला. "तू पोचलीस ना घरी? तूच बंद केलंस ना? ताई, बोल ना!"

मी अजून दुकानातच उभी होते.